चूकभूल : द्यायची कशी, घ्यायची कशी?

जुन्या पेढ्यांच्या बिलबुकात अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ छापलेली असे : ‘चू. भू. द्या. घ्या.’ आजही अनेक बिलांवर ती दिसते. संगणकावर निघणाऱ्या बिलांवर तिची जागा ‘ई. अँड ओ. ई.’ या इंग्रजी आद्याक्षरांनी घेतली आहे, अर्थ तोच. हिशेब माणसाने केलेला आहे आणि माणूस चुकतो. आमच्याकडून जास्त लागले असेल तर परत देऊ, कमी लागले असेल तर मागून घेऊ. व्यापारातला हा फार मोठा समंजसपणा आहे आणि तो कायद्याने शिकवण्याच्या कितीतरी आधी बाजारपेठेने स्वतःहून स्वीकारला होता.

मात्र हा समंजसपणा पेढीबाहेरच्या माणसासाठी जितक्या सहजतेने वापरला जातो, तितका तो पेढीच्या आत वापरला जातोच असे नाही. ग्राहकाच्या बिलातली चूकभूल हसून दुरुस्त करणारा मालक आपल्याच माणसाकडून झालेल्या चुकीने मोठे नुकसान झाले, की तेवढाच शांत राहतो का? आणि राहावे तरी कसे? पैसे गेले, ग्राहक दुखावला, महिनाभराची मेहनत वाया गेली. अशा वेळी संताप येणे अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न संताप यावा की नाही हा नसून, आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत त्याचे काय करायचे हा आहे. क्रीडांगणावर ही परीक्षा हजारो डोळ्यांसमोर होते, म्हणून तिचा अभ्यास करणे सोपे जाते. अलीकडच्या काळातील दोन प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. एक अमेरिकेतील बास्केटबॉलचा, दुसरा आपल्या मातीतल्या एका क्रिकेटपटूचा.

पावणेपाच सेकंदांचे मोल

३१ मे २०१८. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे चालू होता. एका बाजूला यजमान गोल्डन स्टेट वॉरियर्स, दुसऱ्या बाजूला क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स. क्लीव्हलँडचा आधारस्तंभ लेब्रॉन जेम्स त्या रात्री विलक्षण खेळला. एकट्याने ५१ गुण मिळवले. वॉरियर्सचा संघ कागदावर कितीतरी बलाढ्य होता, तरीही जेम्सच्या जोरावर सामना शेवटच्या क्षणापर्यंत बरोबरीत आला.

निर्धारित वेळ संपायला केवळ ४.७ सेकंद उरले असताना क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला त्याने साधला, गुणसंख्या १०७-१०७ झाली. दुसरा हुकला. परंतु हुकलेला चेंडू क्लीव्हलँडच्याच जे. आर. स्मिथच्या हाती आला. जाळी समोर होती, वेळ थोडा असला तरी होता. स्मिथने मात्र चेंडू जाळीकडे न नेता उलट दिशेला, मैदानाच्या मध्याकडे नेला. वेळ संपला. दोन्ही हात पसरून स्मिथला जाळीकडे बोट दाखवणाऱ्या जेम्सचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभर पसरले. जादा वेळेत क्लीव्हलँडचा धीर सुटला आणि सामना वॉरियर्सने १२४-११४ असा जिंकला.

आपला संघ पुढे आहे असे स्मिथला वाटले, असे प्रशिक्षक टायरन लू यांनी सांगितले. बरोबरी आहे हे ठाऊक होते, टाइमआउट घेतला जाईल असे वाटले, असे स्मिथचे म्हणणे होते. खरे काय ते स्मिथलाच माहीत. पत्रकार परिषदेत स्मिथच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीविषयी जेम्सला पुन्हा पुन्हा छेडण्यात आले. त्याने सहकाऱ्यावर ठपका ठेवला नाही. अखेर आपली बॅग उचलून तो उठून निघून गेला.

येथवर पाहता जेम्सने संयम राखला असेच कोणी म्हणेल. पण गोष्टीचा उरलेला भाग नंतर बाहेर आला. त्या सामन्यानंतर संतापाच्या भरात त्याने आपला हात आपटून घेतला होता. मालिका संपल्यावर तो हाताला आधारपट्टा बांधून पत्रकारांसमोर आला आणि उरलेले तीन सामने जवळजवळ मोडलेल्या हाताने खेळल्याचे त्याने सांगितले. भावनांवर आपला ताबा राहिला नाही, हेही त्याने मान्य केले. ते तिन्ही सामने क्लीव्हलँड हरले. मालिका ४-० अशी गेली.

एका सहकाऱ्याच्या चुकीने एक सामना गेला होता; सात सामन्यांच्या मालिकेत एक सामना भरून काढता येतो. दोन वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, याच जेम्सने आणि याच स्मिथने १-३ अशा पिछाडीवरून अंतिम मालिका जिंकून दाखवली होती. वॉरियर्सचा बलाढ्यपणा पाहता धड हातानेही निकाल बदलला असता असे नाही. तरीही हिशेबाच्या दृष्टीने नोंद स्पष्ट आहे : पहिले नुकसान स्मिथचे, दुसरे जेम्सचे स्वतःचे. पहिल्यावर त्याचा ताबा नव्हता, दुसऱ्यावर होता.

शेवटचा हात आणि आधीची साखळी

या प्रसंगाकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. जगाने तो सामना ‘स्मिथची चूक’ म्हणून लक्षात ठेवला. पण तपशील नीट मांडला तर काय दिसते? हिलचा दुसरा फ्री थ्रो हुकला नसता तर स्मिथच्या चुकीला जागाच उरली नसती. क्लीव्हलँडकडे एक टाइमआउट शिल्लक होता. चेंडू हाती आल्याबरोबर तो मागितला असता तर सगळ्यांना विचार करायला उसंत मिळाली असती. तो ना कोणा खेळाडूने मागितला, ना प्रशिक्षकांनी. जादा वेळेपूर्वी बाकावर बसलेल्या जेम्सला टाइमआउट शिल्लक असल्याचे कळले, तेव्हा त्याने निराशेने चेहरा झाकून घेतल्याचे दृश्यही नंतर दिसले. म्हणजे ही माहिती संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूलाही त्या क्षणी नव्हती.

महागात पडणारी चूक बहुधा अशीच असते. ती एकाच माणसाच्या हातून घडलेली दिसते, कारण साखळीची शेवटची कडी त्याच्या हातात असते. आधीच्या तीन-चार कड्या दुसऱ्या कोणाच्या तरी असतात आणि त्यांचे मालक त्या वेळी गर्दीत उभे राहून शेवटच्या माणसाकडे बोट दाखवत असतात.

ॲडलेड ते मेलबर्न : अकरा दिवस

दुसरा प्रसंग अजिंक्य रहाणेचा. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेला आणि डोंबिवलीत वाढलेला हा खेळाडू डिसेंबर २०२० मध्ये भारतीय संघाचा उपकर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियात होता. या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे की, अकरा दिवसांच्या आत रहाणेला हिशेबाच्या दोन्ही बाजूंना उभे राहावे लागले : आधी चूक करणारा म्हणून, नंतर चुकीची किंमत मोजणारा म्हणून.

१७ डिसेंबरला ॲडलेडची दिवस-रात्र कसोटी सुरू झाली. भारताची धावसंख्या ३ बाद १८८. कर्णधार विराट कोहली ७४ धावांवर जमलेला, त्याच्याबरोबर रहाणे. दोघांनी ८८ धावांची भागी केली होती. नॅथन लायनचा चेंडू रहाणेने मिडऑफकडे ढकलला, धावेसाठी हाक दिली, पुढे निघाला आणि थबकला. त्याच्या हाकेवर विश्वासून निघालेला कोहली खेळपट्टीच्या मध्यापर्यंत आला होता. हेझलवूडची फेक लायनच्या हाती आली आणि कोहली धावबाद झाला. हाक चुकीची होती आणि ती रहाणेची होती, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

त्या एका धावबादाची किंमत केवढी! उरलेले सहा बळी पुढच्या ५६ धावांत गेले आणि डाव २४४ वर संपला. हा सामना हातातून निसटण्याची सुरुवात येथेच झाली, असे पुढे अनेकांनी म्हटले. दुसऱ्या डावात तर भारताचा संघ अवघ्या ३६ धावांत कोसळला. भारताच्या कसोटी इतिहासातील ही सर्वांत कमी धावसंख्या.

कोहलीची निराशा मैदानावर दिसत होती. ती लपवण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. पण त्या दिवशीचा खेळ संपल्यावर रहाणे स्वतः त्याच्याकडे गेला आणि त्याने क्षमा मागितली. कोहलीने ती मोकळेपणाने स्वीकारली. ही हकीकत पुढे रहाणेनेच पत्रकारांना सांगितली. चूक कोणाची, सूर्य डोळ्यांवर येत होता का, नक्की धाव होती की नव्हती, असल्या सबबींचा पसारा मांडला नाही. त्या धावबादानंतर सामन्याचा ओघ फिरला, हेही त्याने मान्य केले.

कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतला. मोहम्मद शमी हात मोडून बाहेर पडला. रहाणेकडे कर्णधारपद आले ते अशा अवस्थेत. मालिका आता ४-० अशी जाणार, असे भाकीत करणाऱ्या जाणत्यांची वाण नव्हती. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज या दोन नवोदितांना घेऊन संघ २६ डिसेंबरला मेलबर्नच्या मैदानात उतरला. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १९५ धावांत आटोपला. भारताचे ५ गडी १७३ धावांवर बाद झाले असताना रहाणेला रवींद्र जडेजाची साथ मिळाली. दोघांनी १२१ धावांची भागी केली. रहाणेने शतक पूर्ण केले.

२८ डिसेंबरची सकाळ. रहाणे ११२ धावांवर, २२३ चेंडू खेळून खेळपट्टीवर पाय रोवून उभा. जडेजा ४९ वर. अर्धशतकासाठी हवी असलेली एक धाव घेण्यासाठी जडेजाने कव्हरच्या दिशेला चेंडू ढकलला आणि हाक दिली. लाबुशेनची फेक यष्टिरक्षक पेनकडे आली. रहाणे इंच-दोन इंचांनी कमी पडला. धावसंख्या २९४, कर्णधार धावबाद, आणि कारण सहकाऱ्याची घाईची हाक. ॲडलेडचेच चित्र, फक्त भूमिका बदललेल्या.

त्या क्षणी रहाणे जडेजाकडे रागाने पाहू शकला असता. बॅट आपटू शकला असता. निदान मान खाली घालून निमूट चालू लागला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. त्याने काय केले? मैदान सोडण्यापूर्वी तो जडेजाजवळ गेला, त्याला थोपटले, काळजी करू नको, खेळत राहा असे सुचवले आणि मग तंबूकडे वळला. सारे काही सेकंदांचे काम. जडेजाने अर्धशतक पूर्ण केले. भारताने १३१ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात याच जडेजाने दोन बळी घेतले आणि भारताने सामना ८ गडी राखून जिंकला. सामनावीराचे पदक रहाणेला मिळाले.

जडेजा हा अनुभवी खेळाडू आहे. थोपटले नसते तरी तो कदाचित तसाच खेळला असता. पण ते दृश्य ड्रेसिंग रूममधून पाहणाऱ्या गिलला आणि सिराजला, म्हणजे आयुष्यातील पहिलीच कसोटी खेळणाऱ्या मुलांना, काय कळले असेल? येथे चूक झाली तर कर्णधार आपल्याला सर्वांसमोर उघडे पाडणार नाही, एवढे नक्की कळले. पुढाऱ्याची अशी वागणूक ज्याच्या बाबतीत घडते त्याच्यापेक्षा पाहणाऱ्यांना अधिक शिकवते.

सिडनीच्या पुढच्या कसोटीत याचा पुन्हा प्रत्यय आला. यष्टिरक्षक ऋषभ पंतने एकाच डावात पुकोव्हस्कीचे दोन झेल सोडले आणि त्या फलंदाजाने ६२ धावा केल्या. पंतवर टीकेची झोड उठली. त्याच पंतने त्याच सामन्याच्या शेवटच्या दिवशी ९७ धावा केल्या आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला नाबाद ८९ धावा करून ३२८ धावांचे लक्ष्य गाठून दिले. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरला नव्हता, तेथे अर्धा प्रमुख संघ जखमी असताना भारत जिंकला आणि मालिका २-१ अशी घेतली. विजयाचा चषक रहाणेने त्या सामन्यात पदार्पण केलेल्या टी. नटराजनच्या हाती दिला.

चिंचोळीतील एक सकाळ

हे सारे मैदानावरचे झाले. आता सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम कारखान्याची कल्पना करावी. टेरी टॉवेलचे उत्पादन, तीस-चाळीस कामगार, दोन पाळ्या. बाहेरगावच्या एका मोठ्या ग्राहकाची मागणी आहे. रात्रपाळीत सुताला रंग चढवला जातो आणि सकाळी लक्षात येते की संपूर्ण लॉट जुन्या शेडकार्डाप्रमाणे रंगवला गेला. ग्राहकाने महिन्यापूर्वीच नवी छटा मंजूर केली होती. नुकसान समजा दोन लाखांचे. शिवाय माल वेळेवर जाणार नाही. रात्रपाळीचा रंगारी पंचविशीतला, वर्षभरापूर्वी लागलेला. मालक साडेनऊला कारखान्यात पोहोचतात आणि सर्वजण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असतात.

येथे दोन मार्ग आहेत. पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे. रंगाऱ्याला खात्याच्या मधोमध उभे करायचे, चार शब्द नव्हे चाळीस शब्द सुनवायचे, पगारातून कापून घेण्याची भाषा करायची. मन हलके होते. दोन लाख मात्र परत येत नाहीत. शिवाय त्या खात्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाने त्या सकाळी एक धडा घेतलेला असतो : चूक झाली तर कळवायची नाही. पुढच्या वेळी छटा चुकल्याची शंका रात्री एक वाजता आली, तरी मालकांना किंवा सुपरवायझरला फोन जाणार नाही. ‘बघू सकाळी’ म्हणून संपूर्ण लॉट पुरा होईल आणि जे नुकसान वीस हजारांत थांबले असते ते दोन लाखांवर जाईल. रागाची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण ती दरवर्षी भरावी लागते.

दुसरा मार्ग साखळी तपासण्याचा. नवी छटा ग्राहकाने कळवली ती व्हॉट्सॲपवर, आणि ती कार्यालयातील फोनमध्येच राहिली. जुने शेडकार्ड भिंतीवरून कोणी काढले नाही. कामाच्या चिठ्ठीवर रंगाचे नाव होते, क्रमांक नव्हता. रात्रपाळीला विचारायला कोणी जबाबदार माणूस नव्हता. आणि रंगाऱ्याने खात्री करून घेतली नाही. पाच कड्या, त्यांपैकी रंगाऱ्याची एक, उरलेल्या चार कार्यालयाच्या, आणि त्यांतील एखादी कदाचित मालकांची स्वतःची. रंगाऱ्याला रागावून त्या चार कड्या तशाच राहतात. माणूस बदलला तरी चूक पुन्हा घडण्याची पूर्ण तयारी झालेली असते.

बँकांच्या कामकाजात ही जाणीव फार पूर्वीपासून नियमांच्या रूपाने बसवलेली आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची. या नियमामागे कर्मचाऱ्यावर अविश्वास नसतो. प्रामाणिक माणूसही थकतो, घाईत असतो आणि शून्य जास्तीचे लिहितो, एवढेच त्यात गृहीत धरलेले असते. दिवसाअखेरीस रोख जुळली नाही तर ती त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायची, नोंदवायची; स्वतःच्या खिशातून गुपचूप भरून जुळवाजुळव करायची नाही. कारण आज झाकलेला शंभराचा फरक उद्या मोठा फरक झाकण्याची सवय लावतो.

हिशेबशास्त्राचा दुसरा नियमही येथे आठवावा. वहीतली चुकीची नोंद खोडून, खरवडून काढायची नसते. ती तशीच राहू द्यायची आणि तिची दुरुस्ती करणारी स्वतंत्र नोंद करायची. खाडाखोड केलेल्या वहीवर कोणीही विश्वास ठेवत नाही. दुरुस्तीची नोंद असलेली वही मात्र न्यायालयातही उभी राहते. माणसाच्या चुकीचेही असेच आहे. ‘जाऊ दे, काही झालेच नाही’ ही खाडाखोड झाली. ‘हे झाले, त्यामुळे एवढे गेले, यापुढे असे करायचे’ ही दुरुस्तीची नोंद.

क्षमा म्हणजे सूट नव्हे

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. प्रत्येक चूक अशी पोटात घालत गेले तर शिस्त राहील का? नाही राहणार. म्हणून चुकांची वर्गवारी करता आली पाहिजे. ज्याने नेहमीप्रमाणे मन लावून काम केले आणि एखादे वेळी हात चुकला, त्याला धीर द्यावा आणि पद्धत सुधारावी. तीच चूक जो तिसऱ्यांदा करतो, त्याला ते काम जमत नाही हे ओळखून दुसरे काम द्यावे किंवा त्याला शिकवण्याची सोय करावी. नुसता धीर देऊन भागत नाही. आणि ज्याने जाणूनबुजून लबाडी केली, त्याच्या बाबतीत चूकभूल हा शब्दच लागू पडत नाही. तेथे नियमाप्रमाणे कारवाई व्हावी, शांतपणे व्हावी आणि नात्यागोत्याचा विचार न करता व्हावी.

रहाणेच्या चरित्रातही हा भेद दिसतो. कर्णधार म्हणून त्याने सहा कसोटी सामन्यांत संघाचे नेतृत्व केले. चार जिंकले, दोन अनिर्णित राहिले, एकही हरला नाही. तरीही फलंदाजीत धावा आटल्या तेव्हा २०२२ च्या सुरुवातीस त्याला संघातील जागा गमवावी लागली. चांगुलपणा हा कामगिरीचा पर्याय होऊ शकत नाही, हे खेळाने त्याच्याही बाबतीत पाळले. त्यानेही त्याबद्दल कांगावा केला नाही. स्थानिक क्रिकेट खेळत राहिला आणि २०२३ मध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी परत आला.

घरच्या पेढीवर

कुटुंबाच्या व्यवसायात हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तेथे सहकारी म्हणजे मुलगा, पुतण्या, धाकटा भाऊ असतो. नव्याने पेढीवर बसलेल्या मुलाने एखाद्या व्यापाऱ्याला जास्त उधारी दिली आणि ती बुडाली, की वडील किंवा काका नोकरमाणसांसमोर त्याला बोल लावतात. हेतू वाईट नसतो. त्यांनी स्वतः पैसा-पैसा जोडलेला असतो. परंतु त्या दिवसापासून नोकर त्या मुलाचे ऐकेनासे होतात आणि मुलगा निर्णय घेईनासा होतो. पाच वर्षांनी तेच वडील तक्रार करतात की हा प्रत्येक गोष्ट मला विचारतो, स्वतः काही ठरवत नाही. बुडालेली उधारी कदाचित तीन लाखांची असेल. गमावलेला आत्मविश्वास कोणत्या खाती टाकायचा?

याउलट, चूक वडिलांची असेल तर? ती बहुतेक घरांत ‘बाजार पडला’ म्हणून नोंदवली जाते. वडीलधाऱ्याने कधीतरी जेवणाच्या ताटावर, सगळ्यांसमोर, ‘तो सौदा माझा चुकला’ असे म्हणून पाहावे. मुलांच्या मनातला आदर त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट आपली चूक सांगायला घरात जागा आहे, हे त्यांना कळते. ॲडलेडच्या रात्री ज्याने स्वतः क्षमा मागितली होती, त्यालाच मेलबर्नच्या सकाळी सहकाऱ्याला सहज क्षमा करता आली, हा योगायोग नसावा.

पर्युषणाच्या अखेरीस सर्व लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. नातेवाईक, व्याही, व्यापारी मित्र, कोणी उरत नाही. त्या यादीत कारखान्यातील रंगारी, दुकानातील मुनीमजी, माल पोहोचवणारा चालक यांची नावे किती ठिकाणी असतात, हे ज्याचे त्याने पाहावे. वर्षभरात सर्वांत जास्त रागाचे शब्द बहुधा त्यांच्याच वाट्याला आलेले असतात.

शेवटी, स्मिथ आणि जेम्स यांच्या खात्यातली पुढची नोंद. २०२० मध्ये जेम्स लॉस एंजेलिस लेकर्स संघात असताना एका राखीव जागेसाठी स्मिथला त्याच संघात घेण्यात आले आणि त्या वर्षीच्या विजेत्या संघात दोघेही होते. चूक जगाच्या लक्षात राहिली; दोघांनी मात्र एकमेकांचे खाते बंद केले नव्हते.

व्यवहारात उतरवायचे तर तीन-चार साध्या गोष्टी पुरतात. मोठे नुकसान समोर आले की पहिली पंधरा मिनिटे फक्त ते वाढणार नाही हे पाहावे, बोलणे नंतर. रागवायचेच असेल तर चार भिंतींच्या आत, एकट्याशी. त्याच आठवड्यात साखळीतली प्रत्येक कडी कागदावर लिहावी आणि त्यात आपले नाव येत असेल तर तेही लिहावे. जो स्वतःहून चूक सांगायला आला, त्याला त्या सांगण्याबद्दल कधीही शिक्षा करू नये. एवढे केले, तर बिलाच्या तळाशी छापलेली ती चार अक्षरे पेढीच्या आतही लागू झाली असे म्हणता येईल.